काडतुसांची किल्ली

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. कोरा कागद समोर असला की माझा हात अडतो, एवढा पांढरा कागद आपण कशाने भरणार असं वाटतं. आणि हे तोंडानं बोलायचं तर तुला ठाऊक आहे, मी दोन वाक्यांत रडायला लागते आणि मग तूच मला समजावत बसतोस. तसं या वेळी व्हायला नको. म्हणून लिहिते. सावकाश वाच, मधेच टाकून देऊ नकोस.

आधी मुद्द्याचं सांगते. बाबांची बंदूक आता आपल्या घरात नाही. फोनवर तू म्हणालास, आई, जमा करू नकोस, मी येऊन घेऊन जातो, बाबांची आठवण म्हणून माझ्याकडे राहू दे. मी "बरं" म्हणाले. ते बरं खरं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन दिली, काडतुसंही दिली, पावती घेतली. आता ती तुला मिळायची नाही, मलाही नाही. तू रागावशील. रागाव. तुझ्या रागाची मला भीती नाही, तू हल्ली रागावतच नाहीस याची आहे.

नर्सबाई आल्या होत्या सोबत. आपल्या शेजारच्याच, बाबा ज्यांना 'अगं बाई' अशी हाक मारायचे ना, त्याच. त्या नसत्या तर मला ते ओझं जिन्यावरून उतरवता आलं नसतं. बाबा न्यायचे तशीच नेली. आधी मधून मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही नळ्या बघितल्या, मग नळ्या आणि दस्ता वेगळे केले, खोळीत घातले, वर जुनी चादर गुंडाळली. काडतुसांचा डबा नर्सबाईंच्या पिशवीत, बंदूक माझ्या मांडीवर. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, काकू, सतार का हो? नर्सबाई म्हणाल्या, हो, पण हिचा सूर फार मोठा लागतो. मला हसू आलं आणि लगेच वाटलं, बाबांना हे आवडलं नसतं. बंदुकीची थट्टा त्यांना चालत नसे.

ठाण्यात एक तरुण हवालदार होता, तुझ्याहून लहानच. रजिस्टर उघडता उघडता म्हणाला, आजी, भरलेली नाही ना? मी म्हटलं, मी सांगितलेलं कशाला ऐकता, तुम्हीच बघा. मला वाटलं हा आता चिडणार. पण तो उठला, नळ्या भिंतीकडे तोंड करून हातात घेतल्या, दस्त्याला जोडल्या, पुन्हा मोडल्या, खिडकीकडे धरून दोन्हींतून पाहिलं. आणि मग काय केलं माहीत आहे? बंदूक तशीच उघडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, आता तुम्हीही बघा. मी आरपार पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, उजेड आहे. त्याला काही कळलं नाही. बाबा गेल्यापासून मला असं कुणी बघायला सांगितलं नव्हतं.

तुला आठवतं ना आपल्या दारातलं ते? बाबा बँकेतल्या पहाऱ्यावरून यायचे, चपला काढायच्या आधी बंदूक मोडायचे आणि मला हाक मारायचे. मी कणीक मळत असले तर तसेच हात घेऊन जायची. ते नळ्या उजेडाकडे धरायचे, मी दोन्हींतून बघायची आणि म्हणायची, उजेड आहे. तेवढं ऐकल्यावरच ते आतल्या खोलीत जाऊन बंदूक लोखंडी कपाटात ठेवायचे, कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात. काडतुसं माझ्याकडे. माझ्या ट्रंकेतल्या डब्याला वेगळं कुलूप, त्याची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. सकाळी कामावर जाताना मी मोजून काडतुसं द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची. तुझी आत्या म्हणायची, वहिनी, तुमच्या घरात नवरा घरी येतो का बँकेची तिजोरी? आणि तू, लहान असताना, दाराआड उभा राहून माझी नक्कल करायचास, कमरेवर हात ठेवून, उजेड आहे, उजेड आहे. बाबा तुझ्यावर कधी हात उगारायचे नाहीत, पण एकदा आत्याच्या मुलानं कंगवा बंदुकीसारखा धरून तुझ्यावर रोखला तेव्हा केवढे ओरडले होते! आत्या म्हणाली, अरे दादा, कंगवा आहे तो. तर म्हणाले, आज कंगवा आहे. आत्या दोन महिने रुसली होती. पण त्या पोरानं पुन्हा कंगवासुद्धा कुणावर रोखला नाही.

बाबा तुम्हां मुलांना काय सांगायचे ते तुला पाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही. बंदूक कुणाचीही असो, ती भरलेलीच आहे असं समजायचं. तोंड माणसाकडे करायचं नाही. उडवायची नसेल तर बोट चापापाशी न्यायचं नाही. मुलांनी कुठे पडलेली पाहिली तर हात न लावता मोठ्यांना बोलवायचं. आणि घरात बंदूक आणि काडतुसं कधीही एका माणसाच्या ताब्यात ठेवायची नाहीत. हे शेवटचं ते अगदी पहिल्या दिवसापासून पाळत आले. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, याचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून कपाटाची किल्ली देत नाही. विचारलं तर म्हणाले, अगं, तुझ्यावर आहे म्हणून तर काडतुसं तुझ्याकडे. माझ्यावर कुणी ठेवावा एवढा माझाच नाही. मी तेव्हा मॅट्रिक झालेली एवढीशी मुलगी. मला ते बोलणं नाटकी वाटलं होतं.

बाबा गेले त्या दिवशी त्यांचे कपडे बदलताना खिशातून कपाटाची किल्ली निघाली आणि कुणीतरी ती माझ्या हातात दिली. एक गळ्यात, एक हातात. सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच की, दोन्ही माझ्याकडे आल्या, हे बरोबर नाही. मी तशीच उठले आणि कपाटाची किल्ली नर्सबाईंना देऊन आले. त्या रडता रडता म्हणाल्या, मावशी, तुम्ही काय कुणावर गोळी झाडणार आहात का? मी म्हटलं, ते आधी कळलं असतं तर किल्ल्या दोन कशाला केल्या असत्या. बघ, माणूस गेलेलं घर आणि आम्ही दोघी काय बोलत होतो. पण खरं सांगते, ती किल्ली देऊन आल्यावरच मला मोकळं रडू आलं.

तर मग बंदूक इतके दिवस घरात का ठेवलीस असं तू विचारशील. ठाण्यातून निरोप आला होता, परवाना ज्यांचा ते गेले, आता हत्यार जमा करा. मी आज करू उद्या करू म्हणत राहिले. त्यांच्या हाताचा दस्त्यावर डाग पडला होता, तो हलवायचा नव्हता मला, एवढंच. मुदतीच्या आत दिली, कुणाला बोल लावायला जागा ठेवली नाही. पण तुझा फोन आला नसता तर अजून काही दिवस लांबवलं असतं.

आता त्या फोनबद्दल. तू कधी बंदुकीजवळ गेला नाहीस. शाळेत निबंध लिहिला होतास, माझे बाबा बंदूक घेऊन उभे राहतात पण मला ते छत्री घेऊन आलेले आवडतात. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. बाबांनी तो निबंध पाकिटात घडी करून ठेवला होता, ओलावून फाटेपर्यंत. त्या मुलाला आज बंदूक हवीशी वाटली. बरं, बाप गेला की माणसाला काहीही हवंसं वाटतं, मीही त्यांची तुटकी दाढीची वाटी ठेवली आहे. एवढंच असतं तर मी समजले असते. पण फोन ठेवता ठेवता तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, आणि काडतुसं अजून तुझ्याकडेच आहेत ना? बाळा, आठवण म्हणून न्यायची असेल तर बंदूक पुरते. भिंतीवर लावायला काडतुसं लागत नाहीत. मी आयुष्यभर काडतुसं सांभाळली आहेत, ती कोण कशाला मागतं ते मला कळतं.

शिवाय हिशेबाची सवय आहे मला. रोज संध्याकाळी देवापुढे बसून झालं की दिवसाचा ताळा जुळवते, तसा तुझ्या बोलण्याचाही जुळवला. तो जुळत नाही. तुझी सायकल तू वॉचमनच्या पोराला देऊन टाकलीस. लिफ्टच्या कामाच्या अवजारांची पेटी, जी मी हात लावला तर तू भांडायचास, ती कंपनीत परत केलीस. माझ्या औषधांचे पैसे वर्षाचे एकदम पाठवलेस, आणि बँकेचे कागद कुठे ठेवलेत ते न विचारता सांगितलंस. आवाज मात्र छान. शांत. गेल्या कित्येक महिन्यांत इतका शांत नव्हता. एरवीच्या कुणा आईला बरं वाटलं असतं. मला तो आवाज ओळखीचा होता. मी तो एकदा ऐकला आहे, तुझ्या जन्माच्या आधी, माझ्याच स्वयंपाकघरात.

ते आता सांगते. तुम्हां मुलांना कधी सांगितलं नव्हतं, कारण बाबांनी आणि टेकूकाकांनी मिळून तसं ठरवलं होतं. दोघेही आता नाहीत, आणि असते तर त्यांनीच मला लिहायला बसवलं असतं.

टेकूकाका का लंगडायचे ते तुम्ही सारखे विचारायचा आणि ते सांगायचे, वाघानं गुडघा खाल्ला, चव आवडली नाही म्हणून बाकीचा सोडला. तुम्हां पोरांना ते खरं वाटायचं. वाघ नव्हता. बाबांची बंदूक होती. दोघे एकाच बँकेत पहाऱ्याला होते, बाबांची पाळी संपली की काकांची सुरू. त्या दिवशी पाळी संपल्यावर बाबांनी पहारेकऱ्यांच्या खोलीत बंदूक मोडली, एका नळीतलं काडतूस काढलं, आणि तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी हाक मारली. बंदूक तशीच मिटवून कोपऱ्यात ठेवून गेले. परत आले तेव्हा खिशात काडतूस हाताला लागलं, आणि मनानं घेतलं की दोन्ही काढली आहेत. काका म्हणाले, दमला आहेस, आण मी पुसून ठेवतो, रिकामी आहे ना रे? बाबा म्हणाले, रिकामी आहे. काकांनी मांडीवर तिरपी घेतली आणि बार उडाला. एवढंच झालं.

काकांचा जीव वाचला, गुडघा गेला. चौकशी झाली. बंदूक ठाण्यात गेली, बाबा घरी बसले. काकांनी जबाबात सांगितलं की मी न बघता हात लावला, चूक माझीही आहे. साहेबांनी बाबांना ठपका देऊन सोडलं. सगळ्यांनी सोडलं रे, एक त्यांनीच स्वतःला सोडलं नाही. जेवायला बसायचे आणि घास हातात घेऊन विसरायचे. मी देवाला हात जोडायची, त्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. मग एक दिवस बंदूक परत आली. त्यांनी स्वतः कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि मी भांडी घासत होते तिथे येऊन म्हणाले, काडतुसांची किल्ली दे जरा, ओल धरली असेल, पुसून ठेवतो. आवाज छान, शांत. बाळा, ते उन्हाळ्याचे दिवस होते. ओल कसली? मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. ती माझ्या गळ्यातच होती, पदराबाहेर आलेली. त्यांना दिसत होती आणि त्यांना दिसते आहे हे मला दिसत होतं. मग ते खाली फरशीवर बसले आणि माझ्याबरोबर भांडी विसळायला लागले. पुन्हा कधी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले आणि काकांना सांगितलं. ज्यांच्या पायाला आमच्यामुळे पट्ट्या होत्या त्यांनाच सांगायचं, मला लाज वाटत होती, पण दुसरं कोण होतं? काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, किल्ली गळ्यातून काढायची नाही, अंघोळीलासुद्धा नाही. सुटी मिळाल्यावर ते कुबड्या घेऊन स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्या घरी आले. बाबा उठून आत जायला लागले तर मोठ्यानं म्हणाले, ए, पळतोस कुठे, मला पळता येत नाही म्हणून? आणि मग, तू मेलास तर हा पाय मी कुणाच्या नावानं ठणकवायचा रे? बस इथे. चहा पाज. बाबा बसले, चहा निवला, आणि मग जे रडले ते मी दारामागून ऐकलं. त्या दिवसानंतर काका दर रविवारी यायचे आणि दर रविवारी बाबांना एखादी शिवी घालूनच जायचे. ती दारातली पद्धत त्या दोघांनी काढली. आपण स्वतः बघितलं हे पुरत नाही, दुसऱ्या कुणी बघितलं पाहिजे आणि तोंडानं सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा मला बघायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? बाबा म्हणाले, आरपार उजेड दिसतो का एवढं कळतं ना? बस.

हे तुला का सांगते ते तुला कळलं असेल. तुझ्या गवयाचा, तुझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाचा, मी विषय काढत नव्हते इतके दिवस. तो लिफ्टच्या खाचेत उतरून गायचा, आवाज घुमतो म्हणून, आणि तू वरून ओरडायचास, अरे बेसूर, स्क्रू सांभाळ. एकदा घरी आणला होतास, माझ्या हातचं जेवून गेला, जाताना ताटाला नमस्कार करून गेला. त्या दिवशी तू बटण बंद केलंस ते शेजारच्या लिफ्टचं निघालं, आणि तो खाचेत असताना त्याच्यावरची लिफ्ट खाली आली. पाट्या कुणीतरी उलट्या लावल्या होत्या, तुझा दोष नाही, असं कंपनीनं लेखी दिलं. तो कागद तू मला वाचूनही दाखवला नाहीस, फक्त म्हणालास, आई, मी त्याला म्हटलं होतं, बंद आहे, उतर. तेव्हा मी फोन घट्ट धरून ठेवला होता. कारण हे शब्द मी ऐकले होते. रिकामी आहे. बंद आहे. बाबा तेव्हा होते. त्यांना हृदयाचं दुखणं लागलेलं म्हणून तू त्यांना सांगू नको म्हणालास, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काठी टेकत तुझ्याकडे आले असते. ते राहिलं.

एक मात्र मला खोटं बोलायचं नाही. काकांचा गुडघा गेला आणि तुझा गवई गेला, ही दोन्ही माझ्या हिशेबात एका रकान्यात बसत नाहीत. काका येऊन शिव्या देऊ शकले. गवई येणार नाही. तो तुला सोडलं म्हणायला येणार नाही, आणि त्याच्या वतीनं मी म्हणू शकत नाही, तो अधिकार माझा नाही. देव काय म्हणतो ते मी रोज विचारते. अजून उत्तर नाही. पण एवढं मला माहीत आहे की बाबा त्यानंतर पुष्कळ जगले. हसून जगले असं नाही. रविवारी हसायचे, मधले काही वार जड जायचे. रात्री घाम फुटून उठायचे ते शेवटपर्यंत. तरी तू झालास, तुला सायकल शिकवली, तुझा तो निबंध पाकिटात ठेवला. त्या फरशीवर बसून भांडी विसळताना त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मलाही नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की आज किल्ली द्यायची नाही. उद्याचं उद्या. माझी देवावर श्रद्धा आहे हे तू जाणतोस, पण किल्ली मी देवाच्या भरवशावर ठेवली नव्हती, गळ्यात ठेवली होती. त्यात देवाचा अपमान झाला असं मला वाटत नाही.

ठाण्यातून परतताना नर्सबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मावशी, तुम्ही त्यांना तेव्हा सरळ विचारलं होतंत का? मी म्हटलं, छे, असलं कुणी विचारतं का? विचारलं आणि मनात नसलेलं आलं तर? नर्सबाई म्हणाल्या, आम्ही दवाखान्यात रोज विचारतो. विचारल्यानं येत नाही. असलं तर माणसाला हायसं वाटतं की कुणीतरी बोललं. त्यांनी त्यांच्याच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, तुझ्याच शहरातल्या. त्या फक्त मनाच्या दुखण्याचं बघतात. मी फोन करून वेळ घेतली आहे, उद्या सकाळची. माझ्या डोळ्यांसाठी नाही, तुझ्यासाठी.

होय, डोळे दाखवायला आले असं काल दारात तुला सांगितलं, तेही खरं नव्हतं. माझे डोळे चांगले आहेत, सुईत दोरा ओवते अजून. मी बंदूक देऊन आले आणि पहिल्या गाडीनं निघाले, आणि आता तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. दुपारचं ऊन ओट्यावर आलं आहे. तू आत भिंतीकडे तोंड करून पडला आहेस, झोपलेला नाहीस, मला श्वासावरून कळतं. हा कागद तुझ्या उशाशी ठेवणार आहे आणि परत इथेच येऊन बसणार आहे. जे तुझ्या बाबांना विचारायची माझी छाती झाली नाही ते तुला विचारते. बाळा, तुला मरावंसं वाटतं आहे का? हो असेल तर हो म्हण. मी किंचाळणार नाही, शपथा घालणार नाही, रडले तरी ऐकायचं सोडणार नाही. नाही असेल तर तेही येऊन सांग. काहीच सांगता येत नसेल तर नुसता उठून इकडे ये. भात तयार आहे, दोन ताटं घेतली आहेत, तू आल्याशिवाय मी वाढणार नाही.

तुझीच, भिंतीपलीकडे बसलेली,
आई